चंदनाचं तेल विकायचंय? आधी माझ्या ५० बाटल्यांचा हिशेब वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी टेबलावर चंदनाच्या तेलाच्या तीन बाटल्या ठेवल्या होत्या. तिन्हींवर "शुद्ध चंदन" असं लिहिलेलं, आणि खरी एकच. व्हिडिओ बारा मिनिटांचा, त्यात सगळं बसत नाही. शिवाय कॅमेऱ्यासमोर जे सांगायला मला थोडी लाज वाटली, ते इथे लिहिते.

सध्या अरोमाथेरपीची खूप हवा आहे. डिफ्युझर, रोल-ऑन, मेणबत्त्या, गिफ्ट बॉक्स वगैरे. घरातून व्यवसाय सुरू करणाऱ्या बऱ्याच ताई आणि दादा मला विचारतात, "मॅडम, चंदन ठेवू का? मार्जिन चांगलं आहे म्हणे." ठेवा की! पण चंदनाचा ग्राहक वेगळा असतो. लॅव्हेंडरची बाटली घेणाऱ्याला लॅव्हेंडरचा खरा वास कसा असतो ते बऱ्याचदा माहीत नसतं. चंदनाच्या बाबतीत उलटं आहे. आपल्याकडच्या साठीतल्या माणसाने तो वास लहानपणापासून घेतलेला असतो. तुम्ही विकायला बसायच्या आधीच तो परीक्षक असतो.

हे मला कळलं, पण पैसे आणि थोडी अब्रू घालवून कळलं.

काकूंनी बाटली परत आणली तो दिवस

आमचं पूजासाहित्याचं दुकान सासरेबुवांनी सुरू केलेलं. बीबीए करून मी लग्नानंतर दुकानात बसायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यात एकच विचार होता. कापूर, वाती, अगरबत्तीत मार्जिन ते किती? काहीतरी "प्रीमियम" ठेवलं पाहिजे.

२०१९ मध्ये एक सप्लायर भेटला. दहा मिलीची बाटली, सोनेरी झाकण, त्यावर "शुद्ध म्हैसूर चंदन तेल". मला पडली ९० रुपयांना, मी विकली २५० ला. ५० बाटल्या घेतल्या. वास जोरदार होता. बाटली उघडली की अख्खं दुकान घमघमायचं. मला वाटलं, वा! वास जेवढा जोरात तेवढा माल चांगला.

सहा आठवड्यांत ३१ बाटल्या गेल्या. मग एका दुपारी आमच्या गल्लीतल्या काकू आल्या. निवृत्त शिक्षिका, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचे यजमान अर्धांगवायूने दीड वर्ष अंथरुणाला खिळलेले. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी रोज सकाळी स्वतःच्या हाताने चंदन उगाळून देवाला गंध लावलेलं. बोलणं गेलं होतं. काकूंना वाटलं, निदान त्या वासाने तरी त्यांना बरं वाटेल. म्हणून तेल नेलं आणि दोन थेंब कपाळावर चोळले.

काकू मला ओरडल्या नाहीत. बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, त्यांच्या कपाळावर लाल चट्टा उठला. आणि वास आला तसं त्यांनी तोंड फिरवलं. हे चंदन नाही गं. माझा जन्म गेला त्या वासात."

मी सप्लायरला फोन केला. "मॅडम, ९० रुपयांत अजून काय येणार?" असं म्हणून तो हसला. बरोबरच होतं त्याचं. हा प्रश्न मी त्याला माल घेण्याआधी विचारायला हवा होता.

वहीत ३१ पैकी २२ जणांचे नंबर होते. त्या सगळ्यांना फोन करून पैसे परत दिले. उरलेल्या १९ बाटल्या शेल्फवरून काढल्या. आता हिशेब बघा:

- खरेदी: ५० × ९० = ४५०० रुपये
- विक्री: ३१ × २५० = ७७५० रुपये
- परतफेड: २२ × २५० = ५५०० रुपये
- हातात राहिले: २२५० रुपये
- निव्वळ तोटा: २२५० रुपये

तोटा फार मोठा नव्हता. पण ज्या नऊ जणांचे नंबर नव्हते, त्या नऊ बाटल्या आजही माझ्या डोक्यात आहेत. त्यातली एखादी कोणा लहान बाळाला लावली असेल तर?

त्यानंतर मी ठरवलं, ज्या वस्तूबद्दल दहा मिनिटं बोलता येत नाही ती दुकानात ठेवायची नाही. चंदनाबद्दल मी पुढची दोन वर्षं शिकत होते. त्यातलं कामाचं सगळं खाली देते.

हा वास आपल्याला कुठून माहीत?

व्यवसायाच्या भाषेत सांगायचं तर चंदनाचं मार्केटिंग शेकडो वर्षं आधीच होऊन गेलंय. तुम्हाला नव्याने काही पटवून द्यावं लागत नाही.

देवघरात सहाण आणि चंदनाचं खोड असायचं. सहाणेवर थोडं पाणी घालायचं, खोड गोल गोल फिरवायचं, की दुधाळ पिवळसर गंध तयार. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत विठ्ठलाला चंदनउटी लावतात. उन्हाळ्यात देवालाही गारवा हवा, ही त्यामागची भावना. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं आणि आंब्याची डाळ असते, तसं काही घरांत बायकांच्या हाताला चंदन लावून त्यावर शिंपल्याने रेघा ओढायची पद्धत होती. तुमच्या आजीला विचारून बघा.

महाराष्ट्राबाहेरही तेच. आंध्रात सिंहाचलमच्या देवळात नृसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली झाकलेली असते आणि फक्त अक्षय्य तृतीयेला मूळ रूपात दिसते. ओडिशात पुरीला त्याच दिवसापासून ४२ दिवसांची चंदनयात्रा सुरू होते. मुंबईत अग्यारीच्या बाहेर पारशी लोकांसाठी चंदनाचे तुकडे विकायला असतात, ते त्याला सुखड म्हणतात. म्हणजे धर्म वेगवेगळे, पण वास एक.

आयुर्वेदात चंदन शीत मानलं जातं. चरकसंहितेत दाह शमवणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गट दिलाय, त्यात चंदन आहे आणि वाळाही आहे. उन्हाळ्यात चंदन-वाळा ही जोडी आपल्याकडे इतकी का चालते, त्याचं मूळ इतकं जुनं आहे. ज्यांना सीझनल बॉक्स करायचाय त्यांनी हे लिहून ठेवा.

आणि अत्तर! उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला आजही देग-भपका पद्धत चालते. तांब्याच्या मोठ्या देगेत फुलं आणि पाणी घालून खाली जाळ करतात, वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. त्या भांड्याला भपका म्हणतात, आणि परंपरेने भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. गुलाब, मोगरा, केवडा, इतकंच काय पहिल्या पावसाच्या मातीचा वाससुद्धा त्या तेलात उतरतो. चंदनच का? कारण चंदनाचं तेल हळूहळू उडतं. ते दुसऱ्या हलक्या वासालाही धरून ठेवतं. आज बऱ्याच अत्तरांत किमतीमुळे चंदनाऐवजी स्वस्त द्रव वापरतात, म्हणून जुने लोक म्हणतात की "पूर्वीसारखं अत्तर टिकत नाही." त्यांच्या नाकाचा दोष नाही.

इतकं महाग का, ते ग्राहकाला सांगता आलं पाहिजे

"एवढीशी बाटली आणि एवढे पैसे?" हा प्रश्न येणारच. उत्तर झाडात आहे.

भारतीय चंदनाचं शास्त्रीय नाव सँटलम आल्बम. हे झाड अर्धपरजीवी आहे. म्हणजे स्वतःची पानं आहेत, अन्न बनवतं, पण मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना जोडून पाणी आणि क्षार घेतं. म्हणून चंदनाच्या लागवडीत सोबत तूर, करंज, सुरू अशी यजमान झाडं लावावी लागतात.

वास सगळ्या लाकडाला नसतो. बाहेरचं पांढरट लाकूड जवळपास बिनवासाचं. वास असतो तो आतल्या गाभ्याला आणि मुळांना. गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षं जातात, आणि चांगलं तेल हवं तर त्याहून जास्त थांबावं लागतं. गाभ्याच्या लाकडात तेल असतं साधारण २ ते ६ टक्के. म्हणजे १०० किलो चांगल्या गाभ्यातून हातात येणार काही किलोच. ते काढायलाही भुकटीतून सलग दोन-तीन दिवस वाफ फिरवावी लागते.

त्यात इतिहासाची भर. १७९२ मध्ये टिपू सुलतानाने म्हैसूर राज्यात चंदनाला राजवृक्ष ठरवलं. झाड कोणाच्याही जमिनीत उगवो, मालकी राज्याची. ही पद्धत पुढे दोनशे वर्षं चालू राहिली. पहिल्या महायुद्धात युरोपला जाणारं चंदनाचं लाकूड अडकून पडलं, तेव्हा म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळात तेल आपल्याच राज्यात काढायला सुरुवात झाली. आणि त्या तेलातून पुढे म्हैसूर सँडल साबण आला. हा धडा आपल्यासाठीही आहे बरं का. कच्चा माल विकला जात नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा त्यांनी त्याचं उत्पादन केलं, आणि शंभर वर्षांनंतरही तो साबण दुकानात आहे.

मात्र झाड सरकारचं म्हटल्यावर शेतकरी ते कशाला जपणार? जंगलातलं चंदन चोरीने आणि तोडीने कमी होत गेलं. आज जागतिक यादीत हे झाड असुरक्षित गटात आहे. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तामिळनाडूने २००२ मध्ये कायदा बदलून जमीनमालकाला झाडाचा हक्क दिला. तोपर्यंत पश्चिम ऑस्ट्रेलियात आपल्याच जातीच्या चंदनाची लागवड सुरू झाली होती. तेव्हा "भारतीय चंदन, ऑस्ट्रेलियात वाढलेलं" असं लेबल दिसलं तर गोंधळू नका. जात तीच असू शकते.

या सगळ्यामुळे अस्सल तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर जातो. आता माझी ९० रुपयांची बाटली आठवा. भाव अगदी एक लाख धरला, तरी दहा मिली तेलाचीच किंमत हजाराच्या आसपास होते, बाटली आणि डबी वेगळी. हा गुणाकार मला २०१९ मध्ये एका मिनिटात करता आला असता. केला नाही, कारण मार्जिन दिसत होतं.

अरोमाथेरपी म्हणजे नेमकं काय?

शब्द नवा, सवय जुनी. हा शब्द रूढ केला फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गातफोसे यांनी, १९३७ च्या त्यांच्या पुस्तकातून. अर्थ सोपा आहे: वनस्पतींची सुगंधी तेलं वास घेऊन किंवा पातळ करून त्वचेवर लावून वापरायची, बरं वाटावं म्हणून.

वासाने मूड का बदलतो? नाकातून वासाचा संदेश मेंदूच्या ज्या भागांपर्यंत लवकर पोचतो, ते भाग भावना आणि आठवणीशी जोडलेले आहेत. म्हणून चंदनाचा वास आला की कोणाला आजोबांचं देवघर आठवतं, कोणाला लग्नातली अत्तरदाणी. तुम्ही विकताना "स्ट्रेस ६० टक्के कमी" असले आकडे अजिबात सांगू नका. ग्राहकालाच विचारा, "हा वास घेतल्यावर काय आठवलं?" पुढचं काम तो वास करतो.

एक गंमत सांगते. सगळे म्हणतात चंदन म्हणजे शांत झोप. पण २००६ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी लोकांना भारतीय चंदनाच्या तेलाचा वास देऊन मोजमापं घेतली, तेव्हा लोक पेंगण्याऐवजी जास्त जागरूक झालेले आढळले. विचार केला तर पटतं. आपल्याकडे गंध सकाळच्या पूजेला लावतात, झोपताना नाही. मन एका जागी आणायला चंदन, असं म्हणणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. ज्यांना झोपेसाठी आवडतं त्यांनी जरूर वापरावं, पण आपण "झोपेचं औषध" म्हणून विकायचं नाही.

"चंदन" या नावाखाली बाजारात काय काय मिळतं

हे कोष्टक समजून पाठ करा:

१. भारतीय चंदन. मऊ, दुधाळ, लाकडासारखा वास. सुरुवातीला हळू, पण तासन् तास टिकतो.

२. ऑस्ट्रेलियन चंदन, म्हणजे सँटलम स्पायकॅटम ही वेगळी जात. खरंच चंदन आहे, पण वास थोडा कोरडा आणि किंमत कमी. नाव स्पष्ट लिहून विकलं तर उत्तम माल.

३. अमायरिस. "वेस्ट इंडियन सँडलवूड" या नावाने विकतात. हैतीकडून येतं आणि हे झाड चंदनाच्या कुळातलंही नाही, लिंबाच्या कुळातलं आहे.

४. रक्तचंदन. आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरातलं लाल लाकूड. उगाळून लेप लावतात, पण त्याला चंदनाचा सुगंध नसतो. "रक्तचंदनाचं अरोमा ऑइल" कोणी देत असेल तर नमस्कार करून निघा.

५. कृत्रिम सुगंध. प्रयोगशाळेत बनवलेला चंदनाचा वास. हा गुन्हा नाही! साबण, मेणबत्ती, अगरबत्तीत जगभर वापरतात. तो "शुद्ध तेल" म्हणून विकणं चूक आहे.

६. भेसळ. खऱ्या तेलात एरंडेल, देवदाराच्या जातीचं तेल किंवा एखादा बिनवासाचा द्रव. हे ओळखायला सगळ्यात अवघड.

पावडरचंही तसंच. तेल काढून झाल्यावर उरलेला चोथा अगरबत्तीवाल्यांकडे जातो. तो सुगंध मारून "चंदन पावडर" म्हणून फेसपॅकसाठी विकला जाऊ शकतो. म्हणून पावडर घेताना "तेल काढलेली की न काढलेली?" हा प्रश्न विचाराच.

सप्लायरला विचारायचे पाच प्रश्न

- झाडाचं पूर्ण शास्त्रीय नाव काय? नुसतं "सँडलवूड" हे उत्तर नाही.
- लाकूड कुठलं? बिल आणि कागदपत्रं आहेत का? चंदन तोडायला आणि वाहून न्यायला वन विभागाची परवानगी लागते. विनाकागद खोड स्वस्तात मिळालं तर ते चोरीचंही असू शकतं, आणि अडकाल तुम्ही.
- या बॅचचा जीसी-एमएस रिपोर्ट आहे का? भारतीय चंदनाच्या तेलासाठी आयएसओ ३५१८ हे मानक आहे. त्याप्रमाणे अल्फा-सँटलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटलॉल १६ ते २४ टक्के असायला हवं. रिपोर्टवरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा नंबर जुळतो का, तेही बघा.
- दोन मिलीचं सॅम्पल विकत द्याल का? फुकट मागू नका, विकत मागा.
- माल खराब निघाला तर परत घ्याल का? व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

घरी करायची एक चाचणी: कागदाच्या पट्टीवर एक थेंब, आणि लगेच, चार तासांनी, दुसऱ्या दिवशी वास घ्या. खरं तेल सुरुवातीला बुजरं असतं आणि दुसऱ्या दिवशीही हजर असतं. माझं ते ९० रुपयांचं तेल पहिल्या मिनिटाला ओरडायचं आणि नंतर त्याचा नुसता परफ्युमसारखा वास उरायचा. "कागदावर डाग राहिला म्हणजे भेसळ" ही युक्ती मात्र इथे चालत नाही, कारण चंदनाचं खरं तेलही घट्ट असतं आणि लवकर उडत नाही. ही घरगुती चाचणी फक्त सावध करते. खात्री रिपोर्टनेच होते.

ग्राहकाला वापर कसा सांगायचा

काकूंच्या यजमानांच्या कपाळावरचा चट्टा मी विसरलेले नाही, म्हणून हे प्रत्येक ग्राहकाला सांगते:

- तेल थेट त्वचेवर लावायचं नाही. दहा मिली खोबरेल, तीळ किंवा बदाम तेलात दोन ते चार थेंब. हे प्रमाण साधारण एक ते दोन टक्के होतं.
- आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास थांबा.
- पोटात घ्यायचं नाही.
- लहान बाळं, गरोदर महिला, आजारी माणसं यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारा.
- डिफ्युझरमध्ये तीन-चार थेंब पुरे. थोड्या वेळाने वास येईनासा झाला तर तेल संपलेलं नसतं, आपलं नाक सरावलेलं असतं. बाहेर जाऊन परत या, कळेल.

खरं सांगू? सगळ्यात सुरक्षित आणि जुनी अरोमाथेरपी म्हणजे सहाण. उगाळताना वास येतो, हाताला काम मिळतं, दोन मिनिटं मन एका जागी राहतं.

छोट्या भांडवलात काय विकता येईल? एक कॉस्टिंग

शुद्ध तेलाची बाटली सगळ्यांना परवडणार नाही. पण दोन टक्क्यांचं रोल-ऑन परवडतं. खालचे भाव हिशेब समजावा म्हणून धरलेत, तुमच्या भागातले टाकून बघा:

- चंदन तेल ०.२ मिली, २०० रुपये मिली दराने: ४० रुपये
- बेस तेल सुमारे दहा मिली: १४ रुपये
- रोल-ऑन बाटली: १४ रुपये
- लेबल आणि डबी: १० रुपये
- बनवून घेण्याची मजुरी: १२ रुपये
- एकूण: ९० रुपये

आकडा ओळखीचा वाटतो का? खोटी बाटली मला जेवढ्याला पडली होती, तेवढ्याच पैशात खऱ्या चंदनाचं दोन टक्क्यांचं रोल-ऑन होतं. हीसुद्धा २५० ला विका. फरक इतकाच की त्यावर "२ टक्के भारतीय चंदन तेल, बदाम तेलात" असं लिहायचं.

मेणबत्ती किंवा रूम फ्रेशनर करायचं असेल तर कृत्रिम सुगंध वापरा आणि "चंदनाचा सुगंध" असं लिहा. "शुद्ध चंदन" लिहू नका. माझ्या दुकानात आज दोन्ही आहेत, एकमेकांच्या शेजारी, किमतीसकट. लोक विचारतात, "हे स्वस्त का?" मी सांगते. स्वस्त घेणाराही खूश होऊन जातो, कारण त्याला माहीत असतं आपण काय घेतलं.

लेबल आणि कायदा, थोडक्यात

त्वचेवर लावायचं उत्पादन विक्रीसाठी बनवायचं तर कॉस्मेटिकचा परवाना लागतो. सुरुवातीला परवाना असलेल्या उत्पादकाकडून बनवून घेणं सोपं पडतं. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. आणि "ब्लड प्रेशर बरं होतं", "डायबेटीसवर रामबाण" असलं काही लिहू नका. अशा जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे, आणि इन्स्टाग्रामची रील ही पण जाहिरातच असते.

शेवटी, त्या काकूंचं काय झालं?

पैसे परत द्यायला मी आणि सासरेबुवा त्यांच्या घरी गेलो. जाताना बाबांनी आमच्या देवघरातलं जुनं खोड कागदात गुंडाळून सोबत घेतलं. अंगठ्याएवढंच उरलेलं. बाबा म्हणाले, "सून शिकतेय अजून. हे ठेवा तुम्ही." काकूंकडे सहाण होतीच, फक्त दीड वर्षात कोणी हात लावला नव्हता.

पंधरा दिवसांनी काकू वाती घ्यायला आल्या. मी विचारलं, कसे आहेत काका? म्हणाल्या, "तसेच. पण मी सकाळी उगाळायला बसले की मान माझ्या बाजूला वळवतात."

तेव्हापासून माझ्या काउंटरवर एक सहाण आणि एक खोड ठेवलेलं आहे, बिलासकट. चंदनाचं काहीही मागायला ग्राहक आला की मी आधी उगाळून त्याच्या मनगटाला लावते, मग शेल्फवरचं दाखवते. तुलना त्याने स्वतः करायची. यात माझी काही गिऱ्हाइकं जातात. जी राहतात ती माणसं पुढच्या वेळी बहिणीला घेऊन येतात.

या आठवड्याचा गृहपाठ: तुम्ही जे विकता किंवा विकणार आहात, त्यातली एक वस्तू निवडा. वहीत लिहा: ती कशापासून बनते, कुठून येते, त्याच भावात ती खरी असू शकते का? तिसऱ्या प्रश्नाचा गुणाकार प्रत्यक्ष करून बघा. उत्तर जुळलं नाही तर ऑर्डर द्यायच्या आधी सप्लायरला फोन करा. मी नंतर केला होता.

पुढच्या व्हिडिओत वाळा घेऊन बसणार आहे. तोपर्यंत भेटू, आणि हो, गिऱ्हाइकाचा नंबर वहीत लिहून ठेवायला विसरू नका!